परतावा हे सरकारचे देणे आहे

प्राप्तिकराचा परतावा रखडला की आपल्याकडे तो नशिबावर सोडला जातो. आला तर आला, नाही तर पुढच्या वर्षी बघू. बेळगाव, खानापूर, चिक्कोडी, निपाणी या पट्ट्यात हा परतावा ज्यांना मिळायचा असतो, ती माणसे काही गडगंज नसतात. निवृत्त शिक्षक, मराठा लाइट इन्फंट्रीतून घरी परतलेले सुभेदार-हवालदार, उद्यमबागच्या फाउंड्रीतले पगारदार, निपाणीच्या तंबाखू व्यापारात कमिशनवर राबणारे अडते, मुदत ठेवीच्या व्याजावर घर चालवणाऱ्या वयस्क बायका, अशी ही मंडळी असतात. त्यांच्या खात्यातून कर कापताना कोणी विलंब लावत नाही. पगार किंवा व्याज हाती येण्याआधीच कपात झालेली असते. वर्षअखेर हिशेब मांडल्यावर ती जास्त झाली असे दिसले, तर जास्तीची रक्कम त्याच माणसाची असते आणि ती परत करणे हे सरकारचे देणे असते. देणे उशिरा फिटत असेल, तर उशीर का आणि किती होणार हे देणेकऱ्याने सांगायला हवे आणि उशिराची भरपाईही त्यानेच करायला हवी. आपसातल्या व्यवहारात हा न्याय आपण सगळे पाळतो. सरकारच्या बाबतीत तो सोडून देण्याचे काहीच कारण नाही.

आधी यंत्रणेला तिचे श्रेय दिले पाहिजे. विवरणपत्र ऑनलाइन भरून आपण त्याचे सत्यापन केले की ते बेंगळुरूच्या केंद्रीय प्रक्रिया केंद्रात जाते. तिथे आपण सांगितलेले उत्पन्न, कापलेला कर आणि मागितलेल्या वजावटी यांचा मेळ नियोक्ते, बँका आणि इतरांनी कळवलेल्या माहितीशी संगणकावर घातला जातो. मेळ बसला की कलम १४३(१) खालचे सूचनापत्र निघते आणि परतावा थेट बँक खात्यात येतो. २०१३-१४ मध्ये विवरणपत्रावर प्रक्रिया व्हायला सरासरी ९३ दिवस लागत, ते आता १० दिवसांवर आले आहेत, असे अर्थमंत्र्यांनी १ फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात सांगितले. सरकारी आकड्यांनुसार २०१३-१४ मध्ये सुमारे ८३ हजार कोटी रुपयांचे परतावे दिले गेले होते, २०२४-२५ मध्ये ते ४ लाख ७७ हजार कोटींच्या घरात गेले. पूर्वी परताव्याच्या चेकसाठी कचेरीत खेटे घालावे लागत. ते दिवस गेले, ही सुधारणा खरी आहे. सरळसाध्या विवरणपत्राचे पैसे आज कधी कधी आठवड्याच्या आत जमा होतात.

पण सरासरीच्या आकड्यात रांगेच्या शेवटी उभा असलेला माणूस दिसत नाही. शंभरातल्या नव्वद जणांचे काम आठवड्यात झाले आणि दहा जणांचे वर्षभर रखडले, तरी सरासरीवर सरकारला समाधान मानता येते. त्या दहा जणांना कायदा काय देतो ते पाहिले की खरा प्रश्न समोर येतो. ज्या आर्थिक वर्षात विवरणपत्र भरले, ते संपल्यावर नऊ महिन्यांपर्यंत सूचनापत्र पाठवण्याची मुभा कायद्याने विभागाला दिली आहे. तारखा मांडून पाहा. जून २०२५ मध्ये एखाद्या पेन्शनरच्या ठेवीच्या व्याजातून कर कापला गेला. त्या वर्षाचे विवरणपत्र त्याने जुलै २०२६ मध्ये वेळेत भरले. ते आर्थिक वर्ष मार्च २०२७ मध्ये संपेल आणि पुढचे नऊ महिने धरले तर विभागाची मुदत ३१ डिसेंबर २०२७ ला पुरी होईल. म्हणजे कापलेले पैसे अडीच वर्षे सरकारकडे राहिले, तरी कागदोपत्री उशीर झालाच नाही! या काळात पोर्टलवर ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच शब्द दिसत राहतात. कशासाठी अडले, कोणत्या टप्प्यावर अडले, आपण काही करायचे आहे का, यातले काहीच त्यातून कळत नाही. उशिराइतकाच हा मुका कारभारही माणसाला जाचतो.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात या अडचणी जास्त गुंतागुंतीच्या होतात, कारण इथल्या माणसाची कागदपत्रे दोन राज्यांच्या पद्धतींतून तयार झालेली असतात. एकाच व्यक्तीचे नाव एका कागदावर नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने असते, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरे असतात, तिसऱ्यावर आडनाव आधी येते. चव्हाणांचे इंग्रजी स्पेलिंग तर कचेरीगणिक बदलते. गडहिंग्लज-कागलची मुलगी निपाणीत सून म्हणून येते, तेव्हा तिचे पॅन माहेरच्या नावाने आणि आधार सासरच्या नावाने असणे नवलाचे नसते. परतावा मात्र फक्त पूर्वप्रमाणित बँक खात्यातच जमा होतो आणि त्यासाठी पॅनवरचे व खात्यावरचे नाव जुळावे लागते. त्यात बँकांच्या विलीनीकरणाची भर पडली. विजया बँक एप्रिल २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात गेली. एप्रिल २०२० मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाली. सिंडिकेटचे जुने आयएफएससी क्रमांक जुलै २०२१ पासून बंद झाले. मे २०२५ मध्ये कर्नाटकातल्या दोन ग्रामीण बँकांची मिळून एक बँक झाली. पोर्टलवर जुनाच तपशील राहिला असेल तर परतावा निघूनही परत फिरतो. पॅन आणि आधार जोडलेले नसतील तर जुलै २०२३ पासून पॅन निष्क्रिय मानले जाते, त्यावर परतावा मिळत नाही आणि त्या काळाचे व्याजही मिळत नाही.

दुसरी गाठ नोकरी आणि जमिनीची आहे. निपाणी, कोगनोळी, सौंदलग्याकडचे कितीतरी लोक कागल आणि कोल्हापूरच्या औद्योगिक वसाहतींत कामाला जातात, बेळगावजवळचे लोक चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत जातात. प्राप्तिकर विभागाच्या रचनेत बेळगाव कर्नाटक-गोवा क्षेत्रात येते, तर कोल्हापूर पुणे क्षेत्रात. पहिली नोकरी कोल्हापुरात असताना काढलेले पॅन पुढे माणूस निपाणीत स्थिरावला तरी कोल्हापूरच्याच अधिकाऱ्याकडे नोंदलेले राहू शकते. मग जुनी थकबाकी एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, असा प्रकार होतो. मालकाने पगारातून कर कापला पण तो भरला नाही किंवा तिमाही विवरण दिले नाही, तर ती कपात फॉर्म २६-एएस या करकपातीच्या विवरणात दिसत नाही आणि परतावा अडतो. वास्तविक कलम २०५ सांगते की, एकदा कर कापला गेला की तेवढ्या कराची मागणी पुन्हा त्या माणसाकडे करता येत नाही. हे कलम फार थोड्यांना माहीत असते. जमिनीचेही तसेच आहे. हलगा-मच्छे बायपास आणि शहराभोवतीचा रिंगरोड यांच्या भूसंपादनाने बेळगाव तालुक्यातले शेतकरी अनेक वर्षे अस्वस्थ आहेत. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली मिळालेली भरपाई प्राप्तिकरातून मुक्त आहे, असे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २५ ऑक्टोबर २०१६ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे. अशा भरपाईतून कुठे चुकून कर कापला गेलाच, तर तो परत मिळवायला विवरणपत्र भरणे हाच मार्ग उरतो. आयुष्यात कधी विवरणपत्र न भरलेल्या शेतकऱ्याला तो मार्ग कोण दाखवणार?

परतावा अडण्याचे आणखी एक मोठे कारण म्हणजे जुनी थकबाकी. कलम २४५ नुसार विभाग आपला परतावा आपल्याच जुन्या थकबाकीत वळता करू शकतो, मात्र त्याआधी आपल्याला कळवून आपले म्हणणे ऐकले पाहिजे. प्रत्यक्षात यातल्या काही थकबाक्या खऱ्या नव्हत्याच. कागदी नोंदी संगणकावर चढवताना राहिलेल्या चुका आणि न जुळलेली करकपात यांतून त्या तयार झाल्या होत्या. एका सनदी लेखापालाच्या पत्राची दखल घेऊन दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून हा विषय हाती घेतला आणि मार्च २०१३ मध्ये विभागाला बजावले, की आधी कळवल्याशिवाय आणि करदात्याचे उत्तर विचारात घेतल्याशिवाय परतावा वळता करू नये. अकरा वर्षांनी सरकारनेही दुखणे मान्य केले. २००९-१० पर्यंतच्या काळातल्या २५ हजार रुपयांपर्यंतच्या आणि २०१०-११ ते २०१४-१५ मधल्या १० हजार रुपयांपर्यंतच्या थकबाकी मागण्या मागे घेण्याची घोषणा २०२४ च्या त्याच अंतरिम अर्थसंकल्पात झाली. सुमारे एक कोटी करदात्यांना त्याचा लाभ होईल असे सांगण्यात आले. या मागण्यांमुळे प्रामाणिक करदात्यांना मनस्ताप होतो आणि पुढच्या वर्षांचे परतावे अडतात, हे कारण खुद्द अर्थमंत्र्यांनी संसदेत दिले. कबुली मोलाची होती. पण इतकी वर्षे ज्यांचे परतावे अशा नोंदींपायी थांबले, त्यांनी आपली चूक नसताना झळ सोसली हेही तितकेच खरे आहे.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप फसवणुकीचा आहे आणि तो टाळता येणार नाही. खोट्या देणग्या, न भरलेले घरभाडे, नसलेले विमा हप्ते दाखवून परतावे उकळण्याचा धंदा देशात चालला आहे. जुलै २०२५ मध्ये विभागाने याबाबत देशभर सुमारे दीडशे ठिकाणी तपासणी केली. डिसेंबर २०२५ मध्ये अनेकांना संदेश गेले, की तुमच्या परताव्याच्या दाव्यात विसंगती दिसते, म्हणून प्रक्रिया थांबवली आहे, चूक असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत सुधारित विवरणपत्र भरा. नोंदणी असलेल्या पण मान्यता नसलेल्या राजकीय पक्षांना दिलेल्या बनावट देणग्यांचे दावे त्यात ठळक होते. टक्केवारीवर ‘जास्त रिफंड काढून देतो’ म्हणणारे एजंट आपल्या गावांतही भेटतात आणि त्यांच्या नादी लागून खोटा दावा करणारा माणूस शेजाऱ्याच्या खिशातूनच पैसे काढत असतो. अशा दाव्यांची कसून तपासणी झालीच पाहिजे. माझा मुद्दा तपासणीच्या रीतीबद्दल आहे. ज्याचा दावा संशयास्पद वाटतो, त्याला नेमकी कोणती नोंद खटकते ते सांगा, उत्तराला मुदत द्या आणि उत्तर आल्यावर ठरलेल्या दिवसांत निर्णय करा. कारण न सांगता थांबवलेल्या परताव्याने लबाडाचे फारसे बिघडत नाही, त्याला पकडले जाण्याची धास्ती आधीपासून असतेच. खरा दावा करणारा मात्र आपले काय चुकले या विवंचनेत महिने काढतो, आणि घाबरून आपल्या हक्काची वजावटही सोडून देतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात पाच लाख रुपयांपर्यंतचे सगळे प्रलंबित परतावे तातडीने देण्याचे सरकारने ठरवले, तेव्हा त्याचा फायदा सुमारे १४ लाख करदात्यांना होणार होता. मनात आणले तर ही यंत्रणा किती वेगाने चालू शकते, हे त्या निर्णयाने दाखवून दिले.

आता व्याजाकडे येऊ, कारण न्यायाचा खरा कस तिथे लागतो. परताव्यावर कलम २४४-ए नुसार दरमहा अर्धा टक्का, म्हणजे वर्षाला सहा टक्के सरळव्याज मिळते. करदात्याने कर भरायला उशीर केला, तर त्याच्याकडून दरमहा एक टक्का घेतला जातो. चोवीस हजारांचे उदाहरण घ्या. आपण सरकारचे चोवीस हजार देणे लागत असू, तर दर महिन्याला २४० रुपये व्याज चढते. सरकार तेवढेच आपले देणे लागत असेल, तर १२० रुपये. वरच्या पेन्शनरला एवढाच परतावा डिसेंबर २०२७ मध्ये मिळाला, तर एप्रिल २०२६ पासूनच्या २१ महिन्यांचे २,५२० रुपये मिळतील, आणि तेही पुन्हा करपात्र उत्पन्नात धरले जातील. उलट बाजूने त्याच्याकडून ५,०४० रुपये वसूल झाले असते. शिवाय जून २०२५ ते मार्च २०२६ या काळाचे व्याज कायद्यात नाहीच, आणि परतावा एकूण निर्धारित कराच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तर एक पैसाही व्याज नाही. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या प्राप्तिकर कायद्यानेही ही तफावत तशीच ठेवली आहे. न्यायालयांनी तत्त्व मात्र केव्हाच सांगून ठेवले आहे. पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीच्या खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनेक वर्षांच्या अक्षम्य विलंबाबद्दल विभागाला भरपाई द्यायला लावली. पुढे २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने व्याज कायद्यात लिहिले असेल तेवढेच मिळेल, अशी मर्यादा घातली. पण २०१४ च्या टाटा केमिकल्स निकालात हक्क नसताना ठेवून घेतलेल्या पैशांवर व्याज देणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे पुन्हा अधोरेखित झाले. तत्त्व न्यायालयांनी मान्य केले आहे. दर ठरवणे संसदेच्या हाती आहे.

दर समान करण्यावर जाणकार एक रास्त हरकत घेतात. परताव्यावर बारा टक्के मिळू लागले तर लोक मुद्दाम जास्त आगाऊ कर भरतील आणि सरकारी तिजोरीला मुदत ठेव समजून वापरतील. दुसरे म्हणणे असे, की बचत खात्यात आजच्या सहा टक्क्यांपेक्षा कमीच व्याज मिळते, मग तक्रार कसली? दुसऱ्या म्हणण्याचे उत्तर सोपे आहे. अडकलेल्या पैशांपायी ज्याला सोने गहाण ठेवावे लागते किंवा पतसंस्थेतून उचल घ्यावी लागते, त्याचा तोटा बचत खात्याच्या दराने मोजता येत नाही. पहिली हरकत जास्त विचार करण्याजोगी आहे, पण तिच्यावरही तोडगा निघतो. माणसाने स्वतःहून भरलेला जास्तीचा कर वेगळा काढावा आणि इतरांनी कापलेल्या करापुरता वाढीव दर लावावा. पगारातून किंवा व्याजातून किती कापायचे हे काही तो माणूस ठरवत नाही. शिवाय पहिले तीन महिने सहाच टक्के ठेवावेत आणि त्यापुढे विलंब विभागाचा असेल तर दर दुप्पट करावा. करदात्यामुळे झालेला उशीर व्याजातून वगळण्याची तरतूद कायद्यात आजही आहे. अपिलाच्या निकालानंतर परतावा द्यायला विभागाने मुदतीपेक्षा उशीर केला, तर वार्षिक तीन टक्के जादा व्याज द्यावे लागते, हीही तरतूद आहेच. विलंबाची किंमत विलंब करणाऱ्याने मोजायची, हे सूत्र सरकारने स्वीकारलेले आहे. ते साध्या परताव्यापर्यंत आणायचे बाकी आहे.

सरकारकडून अपेक्षा ठेवायची तर आपणही सावकारासारखे जागरूक राहिले पाहिजे. सावकार वही चोख ठेवतो आणि तारीख विसरत नाही. विवरणपत्र भरल्यावर तीस दिवसांत सत्यापन झाले का, हे पहिल्यांदा तपासावे, कारण त्याशिवाय प्रक्रिया सुरूच होत नाही. भरण्याआधी २६-एएस आणि वार्षिक माहिती विवरण उघडून कपातीचा प्रत्येक आकडा ताडून पाहावा. थकीत पगार एकदम मिळालेल्या शिक्षकांनी कलम ८९ ची सवलत मागायची असेल, तर फॉर्म १०-ई विवरणपत्राआधी भरावा, नाही तर सवलत नाकारली जाते. पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्यावा. कर सल्लागाराचा दिला की विभागाच्या सूचना त्याच्याकडे जातात आणि मुदती आपल्याला न कळता उलटतात. थकबाकीत वळवण्याची सूचना आली तर गप्प बसू नये, मान्य की अमान्य ते कारणासह पोर्टलवर नोंदवावे. परतावा परत फिरला असेल तर खाते पुन्हा प्रमाणित करून परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती करावी. सूचनापत्रातच चूक असेल तर कलम १५४ खाली दुरुस्तीचा अर्ज करावा. विवरणपत्र भरायचेच राहून गेले असेल, तर अद्ययावत विवरणपत्राने परतावा मागता येत नाही. त्यासाठी विलंब माफीचा अर्ज आहे आणि ऑक्टोबर २०२४ च्या परिपत्रकानुसार संबंधित कर निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत तो करता येतो. ज्यांचे उत्पन्न करपात्रच नाही, त्यांनी १५-जी आणि १५-एच या नावांनी ओळखले जाणारे स्वयंघोषणापत्र वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत दिले, तर पैसे अडकण्याचा प्रश्नच बहुधा येत नाही. आणि ‘तुमचा रिफंड मंजूर झाला, इथे क्लिक करा’ अशा संदेशावर ओटीपी किंवा कार्डाचा तपशील कधीही देऊ नये.

एवढे सगळे केल्यावरही पैसे आले नाहीत तर दाद कुठे मागायची? पोर्टलवर ई-निवारण आहे, केंद्राची सीपीग्राम्स ही तक्रार यंत्रणा आहे. पण दोन्हीकडे तक्रार शेवटी त्याच विभागाच्या टेबलावर जाते. पूर्वी प्राप्तिकर लोकपाल होता, फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ते पदच रद्द केले. उच्च न्यायालयाचा मार्ग आहे, पण पंधरा हजारांच्या परताव्यासाठी निपाणीहून धारवाड खंडपीठापर्यंत जाऊन वकील लावणे कोणाला परवडेल? ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने करदात्यांची सनद जाहीर केली आणि तिच्यात वेळेत निर्णयाचे वचन दिले. वचन पाळले गेले नाही तर काय, याचे उत्तर त्या सनदेत नाही. बँकेविरुद्ध तक्रार असेल तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, मग बँकेपेक्षा कितीतरी जास्त अधिकार असलेल्या विभागासाठी तो का नसावा? भाषेचा अडसर वेगळाच. सूचनापत्रे इंग्रजीत येतात आणि मराठी किंवा कन्नड शाळेत शिकलेल्या सत्तरीच्या माणसाला त्यातले काही उमगत नाही. राज्यघटनेचे कलम ३५० प्रत्येक व्यक्तीला केंद्राच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे देशात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क देते. बेळगावच्या प्राप्तिकर कार्यालयात मराठीत आणि कन्नडमध्ये लेखी तक्रार घेणारा आणि त्याच भाषेत उत्तर देणारा कक्ष असावा, ही मागणी त्या कलमात चपखल बसते.

सीमाप्रश्नाचे एवढे मोठे ओझे डोक्यावर असताना परताव्यासारख्या किरकोळ गोष्टीवर शक्ती का घालवायची, असे कोणी म्हणेल. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला दावा, ८६५ गावांची मागणी, मराठी कागदपत्रांसाठीची झुंज, यांतले काहीच लहान नाही. पण प्राप्तिकर केंद्राचा आहे. त्यासाठी बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या राज्य सरकारकडे तोंड वेंगाडावे लागत नाही, आणि या प्रश्नात मराठी व कन्नड शेजाऱ्यांचे हितही एकच आहे. चिक्कोडीच्या कन्नड शिक्षकाचा अडलेला परतावा आणि निपाणीच्या मराठी शिक्षकाचा अडलेला परतावा यांत काडीचाही फरक नाही. म्हणून इथल्या व्यापारी संघटना, निवृत्तांच्या संघटना, माजी सैनिकांचे मेळावे आणि दोन्ही भाषांतले कर सल्लागार यांनी एकत्र येऊन आपल्या खासदारांकडे हा विषय नेला पाहिजे. बोलल्याचा उपयोग होतो, हे अलीकडेच दिसले. २०२५ च्या प्राप्तिकर विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात विवरणपत्र मुदतीनंतर भरले तर परतावाच मिळणार नाही, अशी तरतूद होती. त्यावर आक्षेप आले, संसदेच्या निवड समितीने ती काढायला सांगितली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर झालेल्या कायद्यात ती नव्हती.

तेव्हा मागणी नेमकी ठेवू. परतावा थांबवला तर तीस दिवसांत कारण लेखी कळवावे. सूचनापत्राची मुदत आर्थिक वर्षाच्या शेवटापासून न मोजता विवरणपत्राच्या सत्यापनापासून मोजावी. इतरांनी कापलेल्या करावरचा उशीर तीन महिन्यांपुढे गेला की करदात्याला लागतो तोच दर विभागालाही लागावा. विभागाबाहेरचा लोकपाल पुन्हा नेमावा आणि त्याच्याकडे मराठी-कन्नडमध्ये तक्रार करता यावी. यातली एकही मागणी फसवणाऱ्याला सोडा असे म्हणत नाही आणि एकीनेही तिजोरीचे दिवाळे निघणार नाही. कर वेळेत भरा असे सांगण्याचा सरकारचा अधिकार आपण निर्विवाद मान्य करतो. त्याच वेळेच्या शिस्तीने सरकारने आपले देणे फेडले, तर कर भरणाऱ्याचा विश्वास वाढेल, आणि त्या विश्वासाने जेवढा कर खुशीने जमा होईल तेवढा कोणत्याही नोटिशीने होणार नाही.